मोजून दिलेले पाणी

ज्या घरात आईच्या किंवा वडिलांच्या शरीरातले साचलेले पाणी आणि विष बाहेरून उपाय करून काढावे लागते, त्या घरातल्या लेकरांना काय सांगावे, केव्हा सांगावे, आणि सांगितलेले त्यांना कळले हे कशावरून ओळखावे? हा लेख या प्रश्नासाठी लिहिला आहे. पहिल्या दोन भागांची उत्तरे आता तालुक्याच्या दवाखान्यातली परिचारिकासुद्धा देते, आणि चांगली देते. तिसरा भाग मात्र माझ्याकडे अजून तसाच पडून आहे. दर वर्षी चैत्र सरत आला की तो पुन्हा समोर येतो.

चैत्र सरताना आमच्या घाटाखालच्या मुलखात ऊन कसे होते, हे घाटावरच्या माणसाला सांगून समजत नाही. परीक्षेचे पेपर तपासून गठ्ठे बांधलेले असतात. शाळेच्या कौलांखाली लाकूड तापल्याचा वास असतो. कडुनिंबाचा मोहर झडून अंगणात त्याची पिवळट भुकटी होते, आणि झाडणारी बाई ती रोज झाडते व रोज ती पुन्हा पडते. घरोघर नवे माठ येतात. दोन दिवस पाणी टाकून ओतून दिले की माठ पाझरू लागतो आणि त्याच्या पोटावर थेंब धरतात. बाकीच्यांना ते थेंब पाहून गार वाटते. मला ते पाहवत नाहीत. मी माठावर ओले फडके गुंडाळून टाकते.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्या वेळी महाराष्ट्र राज्याचे वय कॉलेजात जाणाऱ्या मुलाएवढे होते. जळगाव जामोदच्या खालच्या अंगाला, पूर्णेकडच्या काळ्या जमिनीतल्या एका गावी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि माझ्या थोरल्या भावाच्या, भास्करदादाच्या घरी राहत होते. घरात दादा, वहिनी, त्यांची मुलगी शोभा आणि मुलगा गजू. शोभा सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. गजू दुसरीत, माझ्याच वर्गात होता.

आमच्या गावच्या विहिरींचे पाणी खारे होते. ते जनावरांना चालत असे, कपड्यांना चालत नसे, साबण फुटत नसे. पिकाला दिले तर जमीन घट्ट होऊन बसे. माणसे तेच पीत, कारण दुसरे नव्हते. वर उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळ्याकडे विहिरींना गोड पाणी होते. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. डोंगराकडून खाली येणारा पाहुणा रिकाम्या हाताने येत नसे. तो गोड पाणी घेऊन येई. बाळंतिणीसाठी, म्हाताऱ्यासाठी, तापाने पडलेल्यासाठी. शहरातली माणसे आजाऱ्याला फळे नेतात, तसे आमच्याकडे पाणी नेत. आजारी माणसाने ते सर्वांसमोर घोटभर प्यावे आणि आणणाऱ्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, एवढा तो सोहळा असे. लहानपणापासून आम्ही सगळे हेच मानत आलो की गोड पाणी पोटात गेले की माणूस उठतो.

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात दादाचा चेहरा सकाळी सुजू लागला. नंतर पाय सुजले, बोट दाबले की खड्डा तसाच राही. अन्नाचा वास नकोसा झाला. गावच्या डॉक्टरांनी तालुक्याला पाठवले, तालुक्याच्यांनी अकोल्याला, आणि अकोल्याच्यांनी तपासणीचे कागद पाहून नागपूरला. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. खाऱ्या पाण्याने झाली की कशाने, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही मी ठामपणे सांगणार नाही. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याच्या पोटात नळी घालून बाटल्यांतले पाणी सोडले, काही वेळ आत ठेवले आणि परत काढून घेतले. असे पुन्हा पुन्हा. डॉक्टरांनी त्याला डायलिसिस म्हटले. गावात त्याचे नाव झाले, पोट धुणे.

दादा परत आला तेव्हा सूज उतरली होती आणि माणूस अर्धा झाला होता. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितले होते की हा उपाय फार वेळा करता येणार नाही. कायमचे यंत्र मुंबईकडे आहे, तेही मोजक्या लोकांसाठी. आणि तोवर मीठ बंद, केळी-संत्री बंद, पाणी दिवसाला एक लहान तांब्या. चहा, वरणाचे पाणी, औषधाबरोबरचा घोट, सारे त्यातच.

भाऊ वाचणार नव्हता. हे वहिनींना कळले होते, मला कळले होते, आणि मला वाटते दादालाही. म्हणून त्या घरात खरे पणाला लागले होते ते वेगळेच. वडील गेल्यावर या दोन लेकरांना त्यांची आई उरेल की नाही, हा तो प्रश्न होता. कारण तांब्या आईच्या हातात होता.

लेकरांना आधी कोणी काही सांगितलेच नव्हते. दादा नागपूरला गेला तेव्हा आजोळच्या मंडळींनी त्यांना सांगितले होते की बाबा बैलजोडी पाहायला गेला आहे. तो आला तेव्हा गावातल्या दोघांनी त्याला धरून बैलगाडीतून उतरवले. गजू गाडीच्या मागे जाऊन पाहून आला.

"बैल कुठी हायेत?"

शेवटी दादाच म्हणाला, "सौदा जमला नाही, बाप्पा. लय महाग सांगत होते."

"मंग तू काऊन बारीक झाला?"

"पायी गेलतो नं," दादा म्हणाला, आणि खाटेवर आडवा झाला. शोभा आतल्या दाराशी उभी राहून हे सगळे ऐकत होती. ती काहीच विचारत नव्हती. न विचारणारे मूल आपल्याशीच जुळवाजुळव करत असते, हे शिक्षिका म्हणून मी वर्गात शंभरदा पाहिले होते.

ऊन चढत गेले. दादाची खाट ओसरीत होती, ओसरीच्या कोपऱ्यात रांजण. सकाळी वहिनी तो लहान तांब्या भरून कोनाड्यात ठेवत, त्यावर फुलपात्र पालथे घालत, आणि दिवसभर त्यातून चमच्याने देत. मध्ये मध्ये ओठांवर ओले फडके फिरवत. चूळ भरायला देत, पण समोर बसून राहत, त्याने ती थुंकेपर्यंत. दादाची जीभ चामड्यासारखी झाली होती. बोलताना ती टाळ्याला चिकटे आणि सुटताना आवाज होई. तो रांजणाकडे पाहत पडलेला असे. वहिनींनी खाट फिरवून ठेवली, तर त्याने मान फिरवली. मग त्यांनी रांजण आत नेला. दादा पाणी ओतल्याचा आवाज ऐके आणि डोळे मिटे.

तहान कशी असते ते मी वर्गात एका ओळीत शिकवलेले होते: शरीरातील पाणी कमी झाले की तहान लागते. माझ्या भावाच्या शरीरात पाणी जास्त झाले होते आणि तरी त्याला तहान लागली होती. पुस्तकातली ओळ चूक नव्हती. ती या ओसरीपर्यंत पोचत नव्हती, इतकेच.

आणि पाहुणे येत होते. सुगी आटोपलेली, लग्नसराईचे दिवस. माणसे मोकळी होती. प्रत्येकाच्या हातात पाणी होते. कोणी बरणीत, कोणी तेलाच्या धुतलेल्या डब्यात. वहिनी दारातच हात जोडत, "डाक्तरानं नाही सांगितलं." माणसे त्यांच्या खांद्यावरून आत दादाकडे पाहत. दादाचे कोरडे तोंड त्यांना दिसे. वहिनींची जोडलेली बोटे त्यांना दिसत नसत.

शेजारची गोदामाय तर रोजची. ती ओट्यावर बसून, सुपात काही तरी निवडत, कोणाकडेही न पाहता बोलायची.

"पाण्याले नाही म्हणू नाही वं, पोरी. दारातल्या कुत्र्याले आपण पाणी ठुतो."

"माय, डाक्तर म्हणते छातीत पाणी भरते."

"छातीत? पाणी पोटात जाते वं. तुह्या डाक्तरानं माणसाची छाती पाह्यली नाही वाटते."

"नागपूरचा डाक्तर हाय, माय."

"अस्सं? मंग नागपुरात काय लोक मरत नाहीत?"

सुपातले खडे ती अंगणात टाकी. गजू तिच्याजवळ बसून ते वेचत असे आणि सगळे ऐकत असे.

अक्षय्य तृतीयेच्या आधी वहिनींचे भाऊ, नारायणमामा, सोनाळ्याहून आले. मामा मोठे बोलके गृहस्थ होते. पितळी कळशीला ओले धोतर गुंडाळून, मांडीवर घेऊन ते एसटीने आले होते, आणि आल्या आल्या त्यांनी सर्वांना हसवले.

"कंडक्टर म्हणते, लेकरू कोणाचं हाय? म्या म्हटलं, माह्यंच. तं म्हणते, तीन वर्षांच्या वर असन तं अर्धं तिकीट घ्या लागन. म्या म्हटलं, अंगावरचं हाय बाप्पा अजून, दूध पेते!"

दादा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. हसताना त्याचा ओठ फाटला आणि रक्त आले. मग मामांनी कळशी खाटेजवळ ठेवली आणि म्हणाले, "दाजी, तुमच्या सासरच्या इहिरीचं हाय. घ्या बरं एक घोट. माह्या मनासाठी."

वहिनी आतून आल्या. खाटेजवळची कळशी उचलून त्यांनी ती आत नेली आणि बाहेर येऊन भावाला म्हणाल्या, "नारायणा, जेवून घे."

मामांचा चेहरा पडला. ते जेवले आणि दुपारच्या गाडीने गेले. जाताना दारात बहिणीला काही बोलले नाहीत. गजू त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेला होता. मामा त्याला तिथे काय म्हणाले, ते मला कधीच कळले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गोठ्यात होत्या आणि मी शाळेत निकालपत्रके लिहीत होते. शोभाने कळशीतले पाणी फुलपात्राने काढून वडिलांना दिले. एक दिले, मग त्याने हात पुढे केला म्हणून आणखी दिले, आणि तो थांबेना तेव्हा कळशीच तोंडाला लावली. पुढे तिनेच मला सांगितले की बाबा पिताना रडत होता आणि तिला वाटले, आता हा बरा होणार.

मी घरी आले तेव्हा वहिनी गोठ्यातून धावत आल्या होत्या. त्यांनी शोभाच्या थोबाडीत मारली. त्या घरात लेकरांवर हात उचललेला मी पहिल्यांदा पाहिला. मग कळशीत उरलेले पाणी त्यांनी अंगणात ओतून दिले, सगळे, शेवटच्या थेंबापर्यंत कळशी उलटी धरून. आमच्या गावात गोड पाणी कोणी ओतत नसे. हात धुताना सांडले तरी म्हातारी माणसे बोलत. गजू तुळशीजवळ उभा होता. जमिनीने ते पाणी एका क्षणात पिऊन टाकले. त्याने आधी जमिनीकडे पाहिले, मग आईकडे.

संध्याकाळपर्यंत दादाला दम लागला. आडवे होता येईना. बसून, पुढे वाकून, तोंड उघडे टाकून तो श्वास ओढत राहिला. जीप मिळाली, नांदुऱ्याहून रेल्वे मिळाली, वहिनी आणि गावातले दोघे त्याला घेऊन पुन्हा नागपूरला गेले. मी लेकरांजवळ राहिले.

आता बैलाची गोष्ट चालणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना ओसरीत बसवले आणि पाचवी ते सातवीला दाखवतो तो बटाट्याचा प्रयोग मांडला. बटाटा सोलायचा, बूड सपाट कापायचे, वरून कोरून वाटीसारखी खोली करायची, त्यात साखर घालायची आणि तो परातीत थोड्या पाण्यात उभा ठेवायचा. काही वेळाने आतल्या खोलीत पाणी भरते. वरून कोणी घातलेले नसते. ते बटाट्याच्या अंगातून येते.

गजूने वाकून पाहिले. "बटाट्याले तहान लागली काय, आत्या?"

"साखर पाण्याले ओढते," मी म्हटले. घरात मी घरचीच भाषा बोले. "आता नीट ऐका. आपल्या कमरेत मागून दोन मूत्रपिंडं असतात. ते रक्तातलं जास्तीचं पाणी अन् घाण काढून लघवीत टाकतात. बाबाचे ते दोन्ही बंद पडले. म्हणून पाणी अंगात साचते. आधी पायात, मंग तोंडावर, मंग छातीत. छातीत साचलं की श्वास घेता येत नाही. नागपूरचे डाक्तर बाबाच्या पोटात साखर घातलेलं पाणी सोडतात. पोटात आतून पातळ पडदा असते. त्याच्यातून ते पाणी बाबाच्या रक्तातलं जास्तीचं पाणी ओढून घेते, घाण ओढून घेते. मंग ते बाहेर काढतात. म्हणून बाबा थोडे दिवस बरा राह्यते. मंग पुन्हा साचते."

शोभा बटाट्याकडे पाहत राहिली. तिच्या गालावर वळ अजून होता. मग ती हळू म्हणाली, "म्हणजे आपल्या खालच्या वावरासारखं. पाणी देल्लं तं पेत नाही, वरतेच उभं राह्यते. अन् पऱ्हाटी पिवळी पडते."

कापसाच्या वावराच्या या उदाहरणाहून चांगले मला सुचले नसते. मी तसे तिला म्हणाले. पण ती ऐकत नव्हती. तिचा खरा प्रश्न अजून यायचा होता.

"मंग मी पाजलं, त्यानं झालं काय?"

लेकराला खोटे सांगून सोडवता येते असे मोठ्यांना वाटते. मी म्हणू शकले असते, नाही बाई, तुझ्या पाण्याने काही झाले नाही. पण तिने आत्ताच वावर आणि पाणी जोडून दाखवले होते. तिने माझे खोटे दुपारपर्यंत पकडले असते, आणि पुढे मी काहीही सांगितले तरी तिचा विश्वास बसला नसता. मी म्हटले, "त्या पाण्यानं दम लागला. आजार त्या पाण्यानं झाला नाही. पाणी नसतं पाजलं तरी हे पुढं-मांगं होणारच होतं. तुले कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुनं पाजलं."

ती रडली. खूप रडली. पण ते मोकळे रडणे होते, एवढे मला ओळखता आले.

गजूला मी विचारले, "सांग बरं, मूत्रपिंड काय काम करते?"

"रक्तातलं जास्तीचं पाणी अन् घाण काढते."

"बाबाले पाणी कमी काऊन द्याचं?"

"छातीत साचते म्हणून. मंग दम लागते."

उत्तरे बरोबर होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बटाटा उचलून ठेवला.

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या दवाखान्यात मी माझ्या गुडघ्यासाठी गेले होते. आता तिथे रक्त गाळणारी यंत्रे आहेत. आमच्या खारपाणपट्ट्यातली माणसे ठरल्या वारी येतात, यंत्राला लागतात आणि घरी जातात. बाहेरच्या बाकावर एक लहान मुलगी मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसली होती. घाम गळत होता, पण ती पीत नव्हती.

"पे नं, बाई," मी म्हटले.

"बाबा बाहेर येईन आता. त्याच्यासमोर मी पेत नाही."

"काऊन?"

"त्याले जास्त पेता येत नाही. मशीन असली तरी. त्याले वाईट वाटन."

तिला कोणी तरी नीट समजावले होते, आणि तिने त्यात स्वतःचे थोडे घातले होते. मी बराच वेळ तिच्याजवळ बसले. तिला जे माहीत होते ते गजूलाही माहीत होते. त्याच्या तेव्हाच्याच वयाची होती ती. फरक काय होता, ते मला तिथे बसून सुचले नाही.

नागपूरहून दादा दुसऱ्यांदा परत आला तो बोलायला फार थोडा उरला होता. पण त्याने एक काम केले. शोभाला खाटेजवळ बोलावले. ती येईना. तेव्हा तो म्हणाला, "ये वं. माराले ताकद नाही माह्यात."

ती आली आणि जमिनीकडे पाहत उभी राहिली.

"मी मांगलं, तुनं देल्लं," दादा म्हणाला. मध्ये श्वास घेतला. "मांगणारा मी होतो. तू ध्यानात ठेव. मांगणारा मी."

मग इतक्या दिवसांत तो जसा हसला नव्हता तसे थोडे हसून म्हणाला, "गोड होतं, पण."

शोभा आज आजी झाली आहे. ती सांगते की त्या दोन वाक्यांवर तिने आयुष्य काढले. मला ते खरे वाटते. जिने चूक केली तिला आम्ही सगळ्यांनी मिळून उचलून धरले. गजूने काहीच केले नव्हते, म्हणून त्याला कोणी काही म्हणाले नाही.

वैशाखात दादा गेला. सकाळची वेळ होती, ऊन अजून ओसरीत आले नव्हते. नागपूरला पुन्हा नेण्यासारखी स्थिती राहिली नव्हती. घसा घरघरू लागला तेव्हा गोदामायने वहिनींना वेळ आल्याचे सांगितले आणि रीतीप्रमाणे माणसे गोळा झाली. गडूत गंगेचे पाणी, त्यात तुळशीचे पान. जाणाऱ्याच्या तोंडात घरच्या प्रत्येकाने पाणी घालायचे. वहिनींनी घातले, मी घातले, गोदामायने घातले, शोभाने घातले. नारायणमामा सोनाळ्याहून पोचले होते. त्यांनी आपले पाणी आणले होते, त्यांनी तेही घातले. पाणी ओठांच्या कडेने वाहून उशीवर जात होते. वहिनींनी गजूला पुढे घेतले आणि फुलपात्र त्याच्यापुढे धरले.

त्याने ते घेतले नाही.

"आता काऊन पाजता?" तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "तवा तं देत नव्हते. आता तं तो पेतही नाही."

वहिनींच्या हातातले फुलपात्र तसेच पुढे धरलेले राहिले. दादाचा श्वास एकदा आला, बराच वेळ थांबला, पुन्हा एकदा आला.

त्यानंतर गजूने आईच्या हातचे पाणी घेणे सोडले. जेवण घेई. भाकरी, वरण, जे वाढले ते खाई, अंघोळीला बोलावले की येई, उलट बोलत नसे. पण पाण्याचा पेला तिने पुढे केला की तो उठे, रांजणाजवळ जाई, स्वतः काढून घेई आणि पाठ करून पिई. पाहुण्यांना ते लक्षातही आले नसेल. वहिनींना पहिल्याच दिवशी लक्षात आले. त्या जेवताना त्याच्या ताटाजवळ पेला भरून ठेवत राहिल्या, आणि तो पेला जेवण होईपर्यंत तसाच भरलेला राही. मग त्या तो झाडाला घालत. मी एकदा गजूला जवळ घेऊन मूत्रपिंडाचे पुन्हा समजावू लागले. त्याने माझे बोलणे पूर्ण होऊ दिले आणि मी न विचारताच उत्तर दिले, "छातीत साचते म्हणून. मले माहीत हाय, आत्या."

त्याला माहीत होते. मी त्याला पास केले होते.

पावसाळा लागल्यावर गावात हगवणीची साथ आली आणि गजू आजारी पडला. डोळे आत गेले, कातडी ओढली तर तशीच उभी राही. डॉक्टर म्हणाले, साखर-मिठाचे पाणी द्या, सतत द्या, पोटात ठरो न ठरो, देत राहा. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी भिंतीशी बसले होते. वहिनी पेला घेऊन त्याच्या उशाशी बसल्या. त्याने मान फिरवली.

"घे, बाप्पा."

त्याने गोधडी अंगावर ओढून घेतली.

"घे नं, राजा. डाक्तरानं सांगितलं."

"तवाही डाक्तरानंच सांगितलं होतं," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मले काऊन देतं? बाबाले काऊन नाही देल्लं?"

मी तोंड उघडणार होते. पडदा, साखर, छाती, सगळे माझ्या जिभेवर तयार होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

"बाबाले देल्लं असतं तं तो तवाच गेला असता," त्या म्हणाल्या. "मले तो अजून पाह्यजे होता. तो मांगे अन् मी नाही म्हणो. मले वाटे, नाही म्हटलं तं उद्या बी मांगन. उद्याचा एक दिवस भेटन." त्यांनी पदराने तोंड पुसले. "मीच नाही म्हटलं. डाक्तरानं नाही. मले पाह्यजे होता तो."

मग गजूने मान वळवून आईकडे पाहिले. रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. वहिनींनी पेला पुढे धरला होता आणि पाणी काठावरून सांडत होते. त्याने तो पेला घेतला. त्या दिवशी घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान फिरवली आणि दुसऱ्या कोणी दिलेले पाणी प्याला. मग पुढे कधी तरी पुन्हा आईच्या हातचे घेतले. असे बरेच दिवस चालले. एका वाक्याने सगळे मिटले असे झाले नाही, आणि माझ्या प्रयोगाने तर मुळीच झाले नाही. वहिनी जाईपर्यंत त्या दोघांत काहीतरी उरलेच होते. किती, ते त्या दोघांनाच ठाऊक.

तर माझे म्हणणे एवढेच आहे. आजाराबद्दल जे सांगितले ते लेकरू पाठ करते आणि बरोबर सांगते. पण घरात जो माणूस आजाऱ्याला नाही म्हणतो, त्याच्याबद्दल लेकराच्या मनात जे ठरते ते आजाराच्या माहितीने बदलत नाही. ते त्या माणसानेच, स्वतःच्या तोंडाने, स्वतःचे कारण सांगितले तर थोडेफार बदलते. हे मी एकाच घरावरून सांगते आहे, आणि एका घरावरून नियम काढू नये हे मी मुलांना आयुष्यभर शिकवले आहे. म्हणून विनंती आहे, माझ्या सांगण्यावर विसंबू नका. तुमच्या घरात किंवा शेजारी असे लेकरू असेल, तर त्याला प्रश्न विचारू नका. चार दिवस फक्त पाहा, ते कोणाच्या हातून पाणी घेते आणि कोणाच्या हातून घेत नाही.